नाताळची भजनमंडळी व फडावर गेलेले गाणारे

शास्त्रभाग : १ इतिहास २५:१-८, लूक २:८-२०, १ करिंथ १४:१५.
कुटुंबात वाचावयाचा भाग : स्तोत्र ३३.



दिवाळी सरून रानात थंडी पडू लागली व ज्वारी गुडघ्याला लागली, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातील गावोगावच्या मंडळ्यांत एक ठराविक प्रकार दिसू लागतो. फडक्यात गुंडाळून ठेवलेली पेटी माळ्यावरून खाली येते, तिच्यावरील धूळ झटकली जाते, उंदरांनी भाता कुरतडला की काय हे पाहिले जाते, आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर चारदोन मंडळी उपासनामंदिरात जमू लागतात. नाताळची तालीम सुरू झाली, हे गावाला निराळे सांगावे लागत नाही. पेटीचा पहिला सूर वेशीपर्यंत ऐकू जातो.

या धड्यात आपण या गायनमंडळींचाच विचार करणार आहो. गाणारे कोण असावेत, त्यांनी तयारी कशी करावी, तालमीतील हास्यविनोदाचे काय करावे, आणि शेवटी, ज्यांचा आवाज नाताळच्या रात्री मंदिरात नसतो त्यांच्याविषयी आपले कर्तव्य काय, असे चार प्रश्न आपल्यापुढे आहेत. चौथा प्रश्न सर्वांत जड आहे. परंतु पहिले तीन नीट समजल्यावाचून त्याचे उत्तर सापडणार नाही.

१. गाणारे कोण असावेत?

दावीद राजाने परमेश्वराच्या घरातील गायनाची व्यवस्था लावली, तिचे वर्णन इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. आसाफ, हेमान व यदूथून यांची घराणी या कामास नेमली गेली. पाळ्या चोवीस, व प्रत्येक पाळीत बारा जण. म्हणजे एकंदर दोनशे अठ्ठ्याऐंशी गाणारे झाले. हे सर्व शिकून तयार झालेले होते, असे शास्त्र सांगते. तरी पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा लहान व मोठा, गुरू व शिष्य, असा भेद त्यांनी केला नाही. आठव्या वचनाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. हेमानाच्या मुलांबरोबर त्याच्या मुलींचाही उल्लेख त्याच अध्यायात आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, देवाच्या घरात गाणे हे शिकण्याचे काम आहे. मनात भक्ती आहे एवढ्याने सूर आपोआप लागत नाही. दुसरी ही की, शिकलेला व शिकणारा एकाच रांगेत उभे राहतात. आपल्या गावच्या मंडळीत गवई नसतात. कोणी शेतमजूर, कोणी शाळामास्तर, कोणी अंगणवाडीची ताई, कोणी नववीतला मुलगा, कोणी सत्तरीची आजी. दिवसभर कापूस वेचून बोटे चिरलेली बाई रात्री टाळ धरते. तिला गाण्याचे वेतन नाही व मानही फारसा नाही. तरी चिठ्ठ्यांच्या त्या न्यायाने तिची जागा पेटीवाल्यापेक्षा खाली नाही.

२. तालीम कशी करावी?

उपदेशक बंधूंच्या उपयोगासाठी काही साध्या गोष्टी येथे मांडतो.

(अ) पट्टी. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास सुखाने गातात, तर स्त्रियांना काळी चार किंवा पाच बरी वाटते. सर्वांनी मिळून गावयाचे असता पेटीवाला आपल्या सोयीची पट्टी धरतो आणि मग अंतऱ्याला अर्धी मंडळी गप्प बसते. याला उपाय सोपा आहे. गीतातील सर्वांत उंच सूर कोणता ते आधी शोधावे, तो सर्वांकडून म्हणवून घ्यावा, आणि त्यावरून पट्टी ठरवावी. उंच सूर बसला तर खालचे सूर बहुधा अडत नाहीत.

(आ) पेटीवर अति भरवसा नको. पेटी मूळची युरोपातली. फ्रान्स देशात एकोणिसाव्या शतकात ती घडली, आणि पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजविता येईल असे रूप दिले. तिचे सूर पितळी पट्ट्यांत कायमचे बांधलेले असतात; एका सुरावरून दुसऱ्यावर आवाज घसरत नेणे तिला साधत नाही. याच कारणास्तव ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली व ती सुमारे तीस वर्षे, १९७१ पर्यंत, टिकली. खेड्यांतील भजनांनी मात्र पेटी सोडली नाही, आणि सोडण्याचे कारणही नाही. तथापि नवी चाल प्रथम तोंडी, पेटीवाचून, शिकवावी. जी चाल कंठात बसली ती वीज गेली, भाता फाटला किंवा पेटीवाला पाहुण्याच्या गावी राहिला तरी बुडत नाही.

(इ) तबला व पखवाज. पेटीचा सूर हलत नाही, म्हणून तबल्यानेच तिच्याशी जुळवून घेतले पाहिजे. डिसेंबरच्या दहिवराने कातडे सैल पडून सूर उतरतो. म्हणून वाद्य थोडे अगोदर उबेला ठेवावे, मग हातोडीने जुळवावे. पखवाजाला डाव्या अंगाला कणीक लागते. ती कणीक कोणाच्या घरून यावयाची हे आरंभीच ठरवावे, नाहीतर दररोज एकाच बहिणीच्या परातीवर धाड पडते व चौथ्या दिवशी पखवाजासह पखवाजीही तिच्या दारातून परत पाठविला जातो.

(ई) लय. आपल्या भजनी ठेक्यात हळू आरंभ करून शेवटी लय वाढविण्याची रीत आहे व ती सुंदर आहे. परंतु वाढविणे निराळे आणि पळत सुटणे निराळे. दुसऱ्या कडव्यातच लय पळाली तर शेवटी वाढवावयास काही उरत नाही.

(उ) शब्द. प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो की, गाणे आत्म्याने व्हावे आणि बुद्धीनेही व्हावे. म्हणून गीत शिकविण्यापूर्वी त्याचा अर्थ सांगावा. ज्यांना वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांना ओळ ओळ तीन वेळा म्हणून दाखवावी. त्यांची स्मरणशक्ती वही बाळगणाऱ्यांपेक्षा पुष्कळदा चांगली असते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल.

३. तालमीतील हास्य

तालमीत हसू येतेच. प्रत्येक मंडळीत एखादे काका असे असतात की, सर्वांच्या आधी अर्धी मात्रा त्यांचे कडवे संपलेले असते. मागून कोणी तरुण म्हणतो, “काका, आम्ही अजून बेथलेहेमाच्या वेशीतच आहोत, आणि तुम्ही गोठ्यात जाऊनही बसलात!” एखाद्या आजीबाई प्रत्येक चालीला सांगतात, “आमच्या सासूबाईंच्या वेळी असं नव्हतं हो,” आणि मग जुनी चाल म्हणून दाखवितात, ती ऐकून पेटीवाला आपली नवी चाल निमूटपणे खिशात घालतो. देवदूत होण्यासाठी सहा मुली तयार असतात, मेंढरू होण्यास कोणी तयार नसते. चहात साखर किती यावर जेवढी चर्चा होते तेवढी ताना घेण्यावर होत नाही. लहान मुले तर तबल्याच्या गवसणीवर डोके ठेवून झोपी जातात, व तबला त्या रात्री उघडाच घरी न्यावा लागतो.

काही गंभीर स्वभावाच्या बांधवांस हे आवडत नाही. मंदिरात हसणे म्हणजे पावित्र्याचा भंग, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु विचार करावा की, देवदूताने मेंढपाळांस जे सांगितले तेच मुळी आनंदाचे वर्तमान होते. ज्या सणाचे बीजच आनंद आहे, त्याची तयारी कपाळास आठ्या घालून करणे शोभत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसास ते दोन तास सुखाचे वाटले तर त्याने देवाचा मान कमी होत नाही.

तथापि हास्याचे दोन प्रकार आहेत, आणि उपदेशकाने ते ओळखले पाहिजेत. एका हसण्यात ज्याच्यावर हसले जाते तोही हसतो. दुसऱ्यात तो मान खाली घालतो. पहिल्याने मंडळी जवळ येते, दुसऱ्याने माणूस तालमीस येण्याचे सोडतो, आणि काही दिवसांनी उपासनेसही येत नाही. ज्याचा सूर लागत नाही त्याला गप्प बसविणे सोपे आहे, परंतु त्याच्या हाती टाळ देऊन त्याला ठेक्यात बसविणे हे अधिक चांगले. इतिहासातील तो अध्याय झांजांचाही उल्लेख करतो, तो उगीच नव्हे.

४. आपल्या गीतांचा वारसा

नाताळची गीते म्हणजे परदेशी चालींवर बसविलेले शब्द, असा काहींचा समज असतो. तो पूर्ण खरा नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती कवींनी पदे व कीर्तने रचून ख्रिस्तकथा देशी रीतीने सांगितली. पुढे नारायण वामन टिळक (१८६१-१९१९), ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला व ज्यांची सेवा मुख्यतः अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, घडली, त्यांनी अभंग व भजन यांस उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तुकोबांच्या वाणीचे ऋण ते उघडपणे मान्य करीत. आपल्या जिल्ह्यातील अंबाजोगाईस ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या आहेत. ज्या भूमीत मराठी कवितेचा आरंभ शोधला जातो त्याच भूमीत आपण राहतो. तेव्हा मराठी चालीत गाणे हे आपल्याला उसने आणावे लागत नाही.

टिळकांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट या धड्यास उपयोगी आहे. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले, परंतु ते अपुरे असतानाच त्यांचे देहावसान झाले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पूर्ण केले. लग्नाच्या वेळी ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा या बाईंनी पतीपेक्षा कितीतरी अधिक अध्याय लिहिले. एकाने आरंभिलेले गाणे दुसऱ्याने पूर्ण करावे, ही रीत आपल्या घरातच घडलेली आहे. पुढील भाग वाचताना हे स्मरणात ठेवावे.

५. फडावर गेलेले

आता चौथ्या प्रश्नाकडे येऊ. बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसे ऊसतोडीस जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. ज्यांनी उचल घेतली आहे ती नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरली जातात, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, तसेच कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नाताळ त्याच्या ऐन मध्यावर येतो.

ज्या मंडळ्यांतील कुटुंबे अशी जातात त्यांची अवस्था उपदेशकांस ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये ज्या बाईचा आवाज सर्वांच्या वर ऐकू येत होता, ती डिसेंबरात नसते. टाळाची एक जोडी भिंतीला टांगलेली राहते. मुलांच्या रांगेत जागा पडतात. कारण पुष्कळ लेकरे आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळाही सुटते. मागे आजी-आजोबा, काही शाळकरी मुले, व ज्यांना गावातच काम आहे असे थोडे लोक राहतात. तालमीत मग कोणी विचारतो, “मास्तर, यंदा गाणं तरी कोणासाठी बसवायचं?” हा प्रश्न थट्टेचा नाही, आणि त्याला थट्टेने उत्तर देऊ नये.

तिकडे फडावर काय असते? पाचटाच्या कोप्यांत बिऱ्हाड, पहाटे अंधारात तोडणीस जाणे, मोळ्या बांधणे, आणि गाडी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्र का असेना, भरून देणे. कारखाना सण पाहून थांबत नाही. त्यामुळे चोवीस तारखेच्या रात्री आपले गाणारे कदाचित डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढत असतील.

आता लूकाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचा. पहिले नाताळगीत कोठे गाइले गेले? यरुशलेमेच्या मंदिरात, जेथे शिकलेल्या गाणाऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, तेथे नव्हे. ते रानात गाइले गेले, आणि ऐकणारे कोण? जे रात्रपाळीच्या कामामुळे गावात येऊ शकत नव्हते ते. मेंढपाळांस कोणी सांगितले नाही की, तुम्ही काम टाकून मंदिरात या म्हणजे गाणे ऐकू येईल. स्वर्गीय गायनमंडळच त्यांच्या रानात उतरले. त्या रात्री त्यांनी बाळाला पाहिले, आणि विसाव्या वचनात सांगितल्याप्रमाणे देवाची स्तुती करीत आपल्या कामावर परत गेले. म्हणजे गाणे आता त्यांच्या तोंडी होते.

म्हणून आपल्या मास्तरांस उत्तर द्यावे ते असे : गाणे त्यांच्यासाठीच बसवावयाचे, जे येथे नाहीत. अनुपस्थितांमुळे गाणे बंद पडले तर ते त्यांच्यापासून दोनदा हिरावले जाते. एकदा कामाने, व एकदा आपल्या उदासीनतेने.

६. गाणे प्रवास करते

याला एक दाखला आहे. ऑस्ट्रिया देशातील ओबर्नडोर्फ नावाच्या लहान गावी १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री ‘शांत रात्र’ या नावाने आता सर्व जगास ठाऊक असलेले गीत प्रथम गाइले गेले. शब्द योसेफ मोर या साहाय्यक धर्मगुरूचे, आणि चाल शेजारच्या गावच्या फ्रान्झ ग्रूबर नावाच्या शाळामास्तरांची. साथीला केवळ एक गिटार होती. ते गीत त्या खेड्याबाहेर कसे गेले? थोर गवयांनी ते नेले नाही. टिरोल डोंगरातील स्ट्रॅसर नावाचे कुटुंब हातमोजे विकण्यास दूर लाइपझिगच्या बाजारास जात असे; पोटासाठी परमुलखात जाणाऱ्या त्या माणसांनी, १८३० नंतरच्या वर्षांत, ते तेथे गाऊन ऐकविले. तेथून पुढे ते पसरले व आज शेकडो भाषांत गाइले जाते.

पोटासाठी जाणारा मनुष्य केवळ हातपाय घेऊन जात नाही. तो आपले गाणेही बरोबर नेतो. आपण त्याला ते वेळेवर शिकविले आहे की नाही, एवढाच प्रश्न.

७. मंडळ्यांनी काय करावे?

एक : ज्या मंडळीतील कुटुंबे ऊसतोडीस जातात तिने नाताळची तालीम दिवाळीनंतर नव्हे, गणपतीच्या सुमारास आरंभावी. पावसाळी संध्याकाळी मंडळी घरी असते. दोन गीते निवडावीत, फार नकोत. ती वाद्यावाचून पाठ व्हावीत.

दोन : निघण्यापूर्वीच्या रविवारी उपासनेत ती गीते सर्वांनी मिळून गावीत, व जाणाऱ्यांस प्रार्थनेने निरोप द्यावा. नाताळ अगोदर आला असे कोणी म्हणेल, तर म्हणू द्यावे.

तीन : प्रत्येक टोळीतील एका भावास किंवा बहिणीस त्या तळावरील भजनाचा प्रमुख नेमावे. दोन टाळ बरोबर द्यावेत. आता पुष्कळांच्या हाती मोबाइल असतो. त्यात आपल्याच मंडळीच्या आवाजात गीत भरून द्यावे, म्हणजे चाल विसरणार नाही आणि गावचे आवाजही कानी पडतील.

चार : मागे राहिलेल्यांनी रिकाम्या जागा पाहून खचू नये. आजी-आजोबांनी मुलांस शिकवावे. लक्ष्मीबाईंनी केले तसे, अपुरे राहिलेले पूर्ण करावे.

पाच : ज्या मंडळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात आहेत, त्यांस विशेष विनंती. तुमच्या गावोगाव नाताळगीते गात फिरण्याच्या फेरीत एक रात्र कोप्यांच्या वस्तीसाठी राखून ठेवा. तेथे ख्रिस्ती कोण, इतर कोण, हे विचारीत बसू नका. थंडी व श्रम सर्वांस सारखेच आहेत. दमलेल्या माणसांना लांब भाषण नको असते. एक गीत गा, लेकरांस काही गोड द्या, प्रार्थना हवी असेल त्याच्यासाठी ती करा, व त्यांना झोपू द्या. पहाटे त्यांना कोयता धरावयाचा आहे.

सहा : मुले कोप्यांवर असतील तर त्यांच्या शाळेची चौकशी करा. गाण्याइतकेच हेही नाताळचे काम आहे.

इतके झाल्यावर तालमीत पुन्हा हसू येईल, आणि ते खरे हसू असेल. काका अर्धी मात्रा पुढेच धावतील. आजीबाई जुनी चाल सांगतीलच. भिंतीवरचा टाळ मात्र त्या वर्षी तेथे नसेल, कारण तो फडावर वाजत असेल.

मननासाठी प्रश्न

१. गाण्याच्या पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकताना गुरू व शिष्य यांत भेद का केला नसावा? आपल्या मंडळीत असा भेद कोठे होतो?
२. ज्याचा सूर लागत नाही त्याला आपण कोणते काम दिले आहे?
३. तालमीतील कोणत्या हसण्याने मंडळी जवळ येते, व कोणत्याने दूर जाते?
४. देवदूतांचे गीत मेंढपाळांच्या रानात का गाइले गेले? आपल्या जिल्ह्यात त्या मेंढपाळांच्या जागी आज कोण आहेत?
५. आपल्या मंडळीतून यंदा किती जण बाहेरगावी गेले आहेत? त्यांची नावे लिहून काढा व तालमीच्या आरंभी ती मोठ्याने वाचून प्रार्थना करा.